आरतीला नवा देव बोलवायचा नाही

गुरुजी,

तुमच्या नियमाप्रमाणे पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवं की हे पत्र कशाबद्दल आहे. ते आहे एका शब्दाबद्दल, जो तुम्ही माझ्या वहीत लाल शाईने लिहिला होतात, आणि त्या शब्दात आपण तिघं कसे अडकलो त्याबद्दल. तिघं म्हणजे तुम्ही, मी आणि माझा बा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या बेटावरच्या फिनिक्सला तुमच्या गल्लीत उभं राहिलं तरी तुमचं घर आता ओळखू येत नाही. तिथे मोटारींचे टायर विकतात. काल माझी नात इंग्रजीचा निबंध घेऊन आली. तिला मराठी समजते, बोलायला लाजते. चांगला निबंध कसा लिहावा याचा एक छापील कागद तिला शाळेने दिलाय. त्यावर एकाखाली एक चौकटी आखल्यात: वर इंट्रोडक्शन, मध्ये मुद्द्यांच्या चौकटी, तळाला कन्क्लुजन. त्या चौकटी बघितल्या आणि माझा श्वास कोंडला. खरंच कोंडला, म्हाताऱ्या बाईचं नाटक नव्हे. मी तिला पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात खिडकी उघडून उभी राहिले.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तो हिवाळा होता. मी सुरिनामची, बेटाच्या दक्षिण टोकाची, समुद्राकाठची मुलगी. आमच्याकडे पाऊस येतो, पडतो आणि जातो. बेटाच्या मधल्या उंचावरच्या फिनिक्सचा हिवाळ्यातला पाऊस पडतही नाही आणि जातही नाही, नुसता लोंबकळत राहतो. तुमच्या गाडीखान्यात गाडी कधीच नव्हती. पत्र्याचं छप्पर, दोन लांब बाकं, एक फळा, आणि शाळा सुटल्यावर लेसों घ्यायला आलेली आम्ही मुलं. शिकवणीला सगळे लेसोंच म्हणत, आणि तुम्हाला सगळे मिस्ये म्हणत. मराठी घरातले आम्ही तिघं-चौघं मात्र गुरुजी म्हणायचो, कारण तुम्ही रविवारी आम्हाला मराठीही शिकवायचात. हिंदुस्थानातून मागवलेल्या पुस्तकातलं मराठी. आम्ही घरात जे बोलायचो त्याला तुम्ही "हे काय उसाच्या शेतातलं बोलतेस" म्हणायचात. मी गप्प बसायचे, कारण मी उसाच्या शेतातलीच होते. दुसरं कुठलं बोलणार?

शिकायला मी फिनिक्सला काकाकडे राहायचे, तिथे माझी खाट शिवणयंत्राच्या मागे होती. काका सरकारी कचेरीत कारकून, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या घरात त्याचाच आवाज कधी ऐकू यायचा नाही. बोलायची ती काकी. मी आले त्याच दिवशी तिनं पाव कापता कापता सगळं सांगून टाकलं. "हे बघ मामझेल, एकच टायम परीक्षेला बसायचं. पास झालीस तं नोकरी, आमी पन खूश. नाय झालीस तं ग्रां बुआची मानसं थांबलीत, ती काय जल्मभर थांबनार हायत?" ग्रां बुआ हे उसाच्या मळ्यावरचं गाव, तिथली माणसं मला सुट्टीत बघून गेली होती. मुलगा मळ्यावर कामाला होता. तो मला आवडला नव्हता असंही नाही, मी मान वर करून त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या आईनं ऊस खुरपला, तिच्या आईनं ऊस खुरपला, आणि ग्रां बुआच्या त्या घराच्या मागच्या दारातून बघितलं तर आकाशापर्यंत ऊसच होता. बाकीच्या विषयांची मला भीती नव्हती. पण इंग्रजीत नापास म्हणजे सगळ्यातच नापास, असा तेव्हाचा नियम. आणि इंग्रजीत बुडवायचा तो निबंध. म्हणजे मी आणि ग्रां बुआ यांच्यामध्ये फक्त एक निबंध उभा होता, आणि तो कसा उभा करायचा हे मला ठाऊक नव्हतं.

पहिला विषय तुम्ही दिलात, माझं गाव. आता तुम्हीच आठवा, मी कोणाची मुलगी. माझा बा आठवडाभर मळ्यावर ऊस तोडायचा आणि आमच्या सावान जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी वस्त्यांत कुठेही लग्न झालं, नवस फिटला की गोंधळ घालायला जायचा. संबळ त्याच्या आज्याचं होतं. गोंधळाची सुरुवात मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेली: एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक मारायची. जेजुरीच्या खंडोबा, गोंधळाला यावं. तुळजापूरच्या भवानी, गोंधळाला यावं. बाने ना जेजुरी बघितली होती ना तुळजापूर, पण अशा आवाजात हाका मारायचा की ती दोन्ही गावं उसाच्या पलीकडच्या वळणावर असावीत. मी इंग्रजीत तेच केलं. माझ्या गावचा समुद्र आला, डोंगर आला, नदी आली, कोळी आले, किराणा विकणारा बुतिकवाला चिनी आला, मशीद, देऊळ, चर्च, झाडून सगळ्यांना मी मानाने बोलावलं. त्यात पानं भरली आणि तास संपला. गावाबद्दल सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही वही परत दिलीत. मार्क बघण्यासारखे नव्हते, पण खाली तुम्ही तुमच्या सुंदर मराठी अक्षरात लिहिलं होतं, "हा निबंध नाही, गोंधळ आहे."

गुरुजी, मला आनंद झाला! तुम्ही आत्ता हसत असाल तर हसा. आमच्या घरात, आमच्या वस्तीत, त्या शब्दाला एकच अर्थ होता. पसाऱ्याला आम्ही बेटावरच्या क्रिओल बोलीतला देझोर्द म्हणायचो. गोंधळ म्हणजे उसाची पाच ताटं, कलश, दिवटी, संबळ आणि बाचा आवाज. तुमच्या पुस्तकातल्या मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे हे मला कोण सांगणार? मला वाटलं, मार्क कमी आहेत ते स्पेलिंगमुळे, पण गुरुजींच्या मते हा साधा निबंध राहिलेला नाही, पार गोंधळाच्या पायरीला पोचलाय. शनिवारी बस पकडून मी सुरिनामला गेले ती वही छातीशी धरून. बा अंगणात पाय धूत होता. मी वाचून दाखवलं. त्याने ओले हात सदऱ्याला पुसले, वही घेतली, उलटी सुलटी केली. त्याला वाचता येत नव्हतं. बराच वेळ तो त्या एका ओळीकडे बघत राहिला. "ह्ये लाल कोनाचं?" मी म्हटलं, गुरुजींची शाई. "बों. बरं," बा म्हणाला, आणि वही मला परत दिली. मग तो उठला आणि वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत सुटला की फिनिक्सचे गुरुजी म्हणाले, पोरीनं इंग्रजीत गोंधळ घातला.

त्यानंतर मी जोमाने गोंधळ घालायला लागले. पावसाळ्यातला दिवस, माझा आवडता प्राणी, आगगाडीचा प्रवास, विषय कुठलाही असो, मी आधी सगळ्यांना हाका मारायचे. आगगाडीच्या निबंधात तर स्टेशनांची नावं घेता घेता मी गाडीत बसलेच नाही. तुम्ही दर वेळी तेच लिहायचात. पुढे पुढे तर नुसता "गोंधळ!" आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. तुमचा हात किती जोरात चालायचा ते कागदाच्या मागून चाचपून कळायचं. मी म्हणायचे, गुरुजींना राहवत नाही. आता मी स्वतः आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे कळतं की तुम्ही किती वैतागला असाल.

मग तो दिवस आला. तुम्ही फळ्यावर चौकटी आखत होतात, पट्टी लावून, एकाखाली एक. बाहेर तेच लोंबकळतं धुकं. दारात बा उभा. त्याने ठेवणीतला कोट घातला होता, लग्नातला, बाह्या आखूड झालेला. हातात नारळ, केळ्यांचा घड, आणि टोपी काढून काखेत. मी बाकावर आकसले. तो माझ्याकडे न बघता सरळ तुमच्यापाशी आला आणि तुमच्या पायांशी नारळ ठेवला. "गुरुजी, आमी अडानी मानसं. पन तुमी माज्या लेकीच्या लिवन्याला गोंधळ म्हनलं. आमच्या सात पिढ्यांत कोनी आमाला एवढा मान दिला नाय. परीक्षा झाली का मी घरी गोंधळ घालनार हाय, तुमाला यावंच लागंल."

पहिला हसला तो मागच्या बाकावरचा कोणीतरी. मग सगळे. माझ्या शेजारची मुलगी, तीही मराठीच, पण शहरातली, माझ्या कानाशी आली. "आयो! गोंधळ म्हंजे देझोर्द गं, तो पा कोने?" तुला माहीत नाही? नाही, मला माहीत नव्हतं. त्या क्षणी माहीत झालं. पत्र्यावर पाणी ठिबकत होतं, बा हसऱ्या तोंडाने उभा होता, मुलं हसत होती, आणि मी दोन बाकांच्या मध्ये अशी बसले होते की उठायचं म्हटलं तर आधी चौघांना उठवावं लागलं असतं. मला उठता येईना, रडता येईना, बाला हाताला धरून बाहेर नेता येईना. मी फक्त तुमच्याकडे बघत होते. तुमच्या एका वाक्यावर सगळं होतं. तुम्ही खरं सांगितलं असतं तर बा तिथेच, त्या आखूड बाह्यांच्या कोटात, सगळ्यांच्या देखत पडला असता. तुम्ही हातातला खडू खाली ठेवलात. नारळ उचललात. मुलांकडे एकदा असं बघितलंत की पत्र्यावरचं ठिबकणंसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. आणि म्हणालात, "येईन. जरूर येईन." बा गेला. तुम्ही फळ्याकडे वळलात, पण चौकटी पुऱ्या केल्या नाहीत, पुसून टाकल्या.

त्या दिवशी बाकीच्यांना सोडल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं, आता माफी मागतील किंवा चिडतील. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "गोंधळात आधी काय करतात? सांग. मी कधी बघितला नाही." एवढं मराठी शिकवणारा माणूस, आणि गोंधळ बघितला नव्हता! मी रागातच सांगितलं. आधी चौक मांडतात. "म्हणजे जागा ठरवतात. कागदावर लिहायच्या आधी बाजूला मुद्दे मांडायचे. पुढे?" मग आवाहन. "तुझा बा किती देवांना बोलावतो?" सगळ्यांना. "का?" कोणी रागावू नये म्हणून. तुम्ही पहिल्यांदा हसलात. "त्याच्याकडे रात्र मोकळी असते. तुला विलायतेत पेपर तपासणाऱ्या साहेबाने एक तास दिलाय. ज्यांचं आज काम आहे तेवढ्यांनाच बोलाव. बाकीचे देव समजूतदार असतात." मग कथा, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "एका परिच्छेदात एकच देव. दुसरा दारात आला की नवी ओळ." मी म्हटलं, बाच्या मागे उभे असतात ते झील धरतात, तो जो शब्द सोडतो तो ते उचलतात. तुम्ही टेबलावर थाप मारलीत. इतके दिवस मोरओव्हर आणि हाउएव्हर घोकून जे आमच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते हेच होतं: वरच्या परिच्छेदाने सोडलेला शब्द खालच्याने उचलायचा, म्हणजे वाचणारा मध्ये पडत नाही. "आणि शेवटी?" आरती. "आरतीच्या वेळी तुझा बा नवा देव बोलावतो का?" मी हसले. असं कोणी करत नाही, आरतीच्या वेळी सगळे आधीच आलेले असतात. "बस्स," तुम्ही म्हणालात. "कन्क्लुजन म्हणजे आरती. आरतीला नवा देव बोलवायचा नाही. जे आलेत त्यांना ओवाळायचं आणि उठायचं."

असा निबंध मला आला. काकीच्या शिवणयंत्राच्या मागे बसून मी लिहायचे, ती पाय मारायची, सगळी खाट थरथरायची, तरी माझे परिच्छेद सरळ उभे राहायचे. पण म्हणून मी सुटले असं समजू नका, उलट जास्त अडकले. आता मला शब्दाचा अर्थ माहीत होता आणि बाला नव्हता, असं मी समजत होते. शनिवारी घरी गेले की वस्तीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, या आठवड्यात गोंधळ घातलास का नाय?" बा शेजारी बसून माझ्याकडे बघायचा. मी हो म्हणायचे. तोंडातला घास तसाच फिरत राहायचा. सुरिनामला खोटं, फिनिक्सला लाज, आणि मधल्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ग्रां बुआचा ऊस बघायचा. त्या वर्षी मला कुठेच पाय पसरायला जागा नव्हती.

आणि गुरुजी, एक राग आहे माझा, तो आज सांगते. परीक्षेच्या आधी तुम्ही विषय दिलात, अचानक आलेला पाहुणा. मी बाबद्दल लिहिलं. नारळ, केळी, काखेतली टोपी, तुमचा खाली ठेवलेला खडू. चौक मांडून, मोजक्यांना बोलावून, एका परिच्छेदात एक देव. तुम्ही वाचलंत, पुन्हा वाचलंत. मग चष्मा पुसत म्हणालात, "बांधणी बिनचूक आहे. पण बाला काढ." मी विचारलं का. "विलायतेतल्या साहेबाला संबळ कळणार नाही, चौक कळणार नाही. ते समजावण्यात तुझा तास जाईल. सोपा पाहुणा आण." मी सोपा पाहुणा आणला. लंडनहून आलेला एक मामा, लांब छत्री, विनोदी स्वभाव, शेकोटीपाशी बसून चहा पिणारा. फिनिक्सच्या त्या पत्र्याखाली मी शेकोटी पेटवली! तुम्ही त्याला चांगले मार्क दिलेत. वर्षाच्या अखेरीला परीक्षेत विषय आला, लक्षात राहिलेली व्यक्ती. बाहेर उन्हाने पत्रे तापले होते, आणि मी घामाने निथळत त्या छत्रीवाल्या मामाला शेकोटीपाशी बसवला. लक्षात राहिलेली व्यक्ती! ज्याने माझ्यासाठी लग्नातला कोट घातला तो माणूस दाराबाहेर उभा, आणि आत नसलेला मामा चहा पीत बसलेला. पेपर देऊन बाहेर आले तेव्हा मला ठाऊक होतं की मी पास होणार. मला आनंद झाला नाही. मला तुमचा इतका राग आला होता की दोन आठवडे मी तुमच्या गल्लीतून गेले नाही, लांबच्या रस्त्याने गेले.

तरी तुम्ही गोंधळाला आलात. पेपर विलायतेला गेले होते, बोटीने की विमानाने आम्हाला माहीत नव्हतं. बा म्हणायचा बोटीनेच, कारण त्याच्या मते महत्त्वाचं सगळं बोटीने येतं आणि बोटीने जातं. निकालाला अवकाश होता. शनिवारी दिवेलागणीला आमच्या अंगणात चौक मांडला. बाने स्वतः तोडलेल्या उसाची पाच ताटं वर बांधून कलशावर उभी केली. तुम्ही बूट काढून बसलात. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि तुम्ही ते दुसऱ्या पायाखाली लपवत होतात. संबळ सुरू झालं. खंडोबा आला, भवानी आली, सुरिनामचा दर्या आला, आणि मग बाने माझ्याकडे न बघता, त्याच आवाजात, त्याच मानाने हाक दिली, "विलायतेच्या साहेबा, गोंधळाला यावं." मागच्यांनी झील धरली: यावं, यावं. कोणी हसलं नाही. आमच्या लोकांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. जेजुरी तरी कोणी बघितली होती? तुम्ही मान खाली घातलीत. मला वाटलं, हसताय. मग दिव्याच्या उजेडात तुमचा चेहरा दिसला. जाताना फाटकापाशी तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या बाने साहेबाला अंगणात आणलं. आणि आपण..." पुढचं तुम्ही बोलला नाहीत. एवढा शिस्तीचा माणूस, पण ते वाक्य अर्धं टाकून गेलात. माझा राग तिथे उतरला. सगळा नाही, पण उतरला.

मी पास झाले. ग्रां बुआच्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं, सुखी असेल. मी नोकरीला लागले, इंग्रजी शिकवायला, आणि जन्मभर पट्टी लावून फळ्यावर चौकटी आखल्या. इंट्रोडक्शन, मुद्दे, कन्क्लुजन. हजारो मुलांना त्यात बसवलं, कारण चौकटीबाहेर राहिलेल्याचं काय होतं हे मी बघितलं होतं. एखादी मुलगी पहिल्याच पानावर सगळ्या गावाला बोलवायची, तेव्हा माझं पेन हवेत थांबायचं. मग मी तुमचंच वाक्य सांगायचे, आरतीला नवा देव नको. मुलं हसायची आणि लक्षात ठेवायची. घरी आले की माझ्याच डोक्यात चौकट उघडी असायची. कोणाची चौकशी करायची असो, भांडायचं असो, प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. नवरा म्हणायचा, "बों, कन्क्लुजन सांग, जेवायचंय." मी हसायचे, पण आत कुठेतरी त्या गाडीखान्यातल्या बाकावर तशीच बसलेली असायचे, दोन्ही बाजूंनी अडकलेली.

आपलं बेट स्वतंत्र झालं त्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या अंत्यविधीला गल्ली भरून माणसं होती आणि तोच पाऊस लोंबकळत होता. मी त्यानंतरच्या शनिवारी सुरिनामला जाऊन बाला सांगितलं. तो तेव्हा खाटेला खिळला होता. मला वाटलं, आता सांगून टाकावं, त्या शब्दाचा खरा अर्थ; इतकी वर्षं गिळून बसले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

गुरुजी, इथे आरती सुरू होते आणि मी नवा देव बोलावते आहे. माफ करा, पण हा देव इतकी वर्षं दाराबाहेर उभा आहे.

बा म्हणाला, "भला मानूस. लई अडकवला मी त्याला." मी विचारलं, म्हणजे काय? "अगं, मळ्यावरचा सिर्दार, मुकादम, लाल शाईनं काय लिवतो? आजचा रोज कापला, मजुरी गेली, ह्ये लिवतो. जल्मभर बघितलंय मी. लाल शाईनं कोन कौतुक लिवतो, पोरी? त्याच्या मराठीत त्या सबदाचा अर्थ काय व्हता ते मला नाय कळलं. पन शिवी हाय येवढं कळलं. तू येवढी खूश होऊन आलीस, तुला काय सांगू? म्हनलं, सगळ्या गावात सांगू, नारळ घेऊन जाऊ, पोरांच्या देखत पाया पडू. मास्तर मानूस, बापाला तोंडावर थोडाच पाडनार? मग त्याला शिकवावंच लागंल." आणि पुन्हा हसला. "शिकवलं का नाय?"

शिकवलंत.

म्हणजे त्या दिवशी त्या पत्र्याखाली मी अडकले नव्हते, तुम्ही अडकला होतात, आणि जाळं टाकणारा आखूड बाह्यांचा कोट घालून हसत उभा होता. तो त्यानंतर फार दिवस राहिला नाही. हे खरंच तसं होतं, की म्हातारपणी त्याने स्वतःची लाज झाकायला रचलं, हे मला आजही ठाऊक नाही. विचारायला दोघांपैकी कोणी उरलं नाही. मला ते खरं असायला हवंय, एवढंच.

नातीचा निबंध टेबलावर आहे. विषय आहे, माझी आजी. पहिल्याच पानावर तिने सगळं फिनिक्स गोळा केलंय आणि मी अजून आलेलीच नाही. तुमच्यासारखं लाल पेन माझ्या हातात आहे. मघापासून आहे. मी अजून टोपण काढलेलं नाही.